घडांच्या जागी

तो बसला, पण टेकला नाही. नुकतेच नाना, माझे वडील, उठून गेले होते त्या जागी, माझ्या शेजारी, गादीच्या जेमतेम कडेवर. मागे टेकायला बांबूची ऐसपैस पाठ होती. तराफ्यावरची ती जागा तो, तराफा हाकणारा, रोज दुसऱ्यांसाठी झटकून-पुसून तयार करत असणार. तरी गुडघ्यांवर तळवे ठेवून, मान पुढे काढून, समोर उभ्या राहिलेल्या नानांच्या हातातल्या काठीकडे तो बघत राहिला. मी म्हटलं, आरामात बसा ना. 'हो हो,' म्हणाला, हसला, आणि तसाच राहिला. त्याचे ओले पाय माझ्या पायांशेजारी होते. बोटं रुंद पसरलेली, टाचेला पांढऱ्या भेगा. त्या पायांना बसलेलं असण्याची सवय नव्हती, असं मला उगाच वाटलं. जमैकाहून येऊन आता बरेच दिवस झालेत. धबधबे विसरले, समुद्राचा तो अशक्य निळा रंगही फोटोत बघूनच आठवतो, पण ते कडेवर बसणं डोक्यातून जात नाही.

आम्ही पोर्ट अँटोनिओला गेलो ते खरं तर नानांना घरातून बाहेर काढायला. आईनाना उन्हाळ्यात आमच्याकडे जर्सी सिटीला आले की पहिले पंधरा दिवस बरे जातात. मग नाना खिडकीत उभे राहून पार्किंगमधल्या गाड्या मोजायला लागतात. रावेरकडच्या माणसाला जूनमध्ये करायला काही नसणं ही शिक्षाच आहे. तिकडे केळीच्या मृगबागेची लावणी चाललेली असते, आणि हे इकडे बाविसाव्या मजल्यावर, रोज सकाळी चुलतभावाला फोन लावून 'आज बोर्ड काय निघालं?' विचारत. बोर्ड म्हणजे केळीचा त्या दिवसाचा जाहीर भाव. बऱ्हाणपूरचा भाव, रावेरचा भाव, पाऊस, वावधान, कोणाची बाग आडवी झाली. आईला समुद्र बघायचा होता, नवऱ्याला वेस्ट इंडीजचं कुठलंही बेट चालणार होतं कारण त्याचं बालपण त्यांच्या फास्ट बोलरांच्या भीतीत गेलंय, आणि मला मोठ्या हॉटेलांची गर्दी नको होती. म्हणून माँटेगो बे सोडून ईशान्येचा हा कोपरा. पोर्टलंड परगणा म्हणतात त्याला. देशात सगळ्यात जास्त पाऊस इथेच पडतो, आणि ते सांगावं लागत नाही. विजेच्या तारांवरसुद्धा झाडं उगवलेली दिसतात.

रिओ ग्रांदे निळ्या पर्वतांतून उतरते. बेरीडेलला तराफ्यावर बसायचं आणि अडीच-तीन तासांनी सेंट मार्गारेट्स बेला, नदी समुद्राला मिळते तिथे उतरायचं. मधल्या वेळात तुमच्या गाडीचं काय? तर तिची किल्ली तिथल्या एका माणसाच्या हातात द्यायची. तो गाडी रस्त्याने खाली नेऊन ठेवतो. नानांना हे अजिबात पटलं नाही. 'भाड्याची गाडी, अन् किल्ली त्याले?' त्यांनी त्या माणसाला वरपासून खालपर्यंत बघितलं, गाडीचा नंबर तळहातावर पेनने लिहून घेतला, आणि तराफ्यावर बसल्यावरसुद्धा पहिल्या वळणापर्यंत मागे वळून बघत होते.

तराफा तीसेक फूट लांब आणि अरुंद. पिकलेले, पिवळट झालेले बांबू एकमेकांना आडव्या काठ्यांनी आणि तारेने आवळलेले, पुढचं टोक किंचित उचललेलं. मागच्या बाजूला दोघांपुरती उंच बैठक. पुढे उभा राहतो तो कॅप्टन. सगळे त्याला कॅप्टनच म्हणतात, आणि तोही स्वतःला. पाणी बांबूंच्या फटींतून वर येतं, पावलं भिजवतं आणि परत जातं. नदी इथे शांत आहे. इतकी शांत, की काठीचं टोक तळाच्या गोट्यांवर घासल्याचा आवाज कानांनी ऐकण्याआधी तळव्यांना कळतो. कुठे गुडघाभर पाणी आणि खाली एक एक दगड मोजावा असं स्वच्छ, तर कुठे अचानक गडद हिरवा डोह. काठावर बगळे, वर आळसावून घिरट्या घालणारी गिधाडं, मधेच कुठून तरी लाकूड पेटल्याचा वास आणि त्यात मिसळलेला मसाल्याचा. आईच्या तराफ्यावरून हाक आली, 'कोणी तरी फोडणी घातली गं!' काठावर एक बाई खरंच मोठ्या पातेल्यात बोकडाचं मटण शिजवत होती, हळद घालून. १८४५ साली ब्लंडेल नावाच्या जहाजातून ओल्ड हार्बर बेला पहिले गिरमिटे, म्हणजे करारावर आणलेले मजूर, उतरले, बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशाकडचे, आणि ही हळद त्यांच्याबरोबर आली. आता ते देशाचं जेवण आहे. आईने मात्र स्वतःच्या पिशवीतून दशम्या काढल्या.

नानांचं लक्ष यात कशातच नव्हतं. ते काठ वाचत होते.

'केळी,' ते म्हणाले. मी बघितलं तर मला नुसती हिरवी गर्दी दिसली. बांबूंची बेटं, नीरफणसाची मोठाली पानं, आंबे, नारळ. मग दिसायला लागली. बाग नव्हे. ओळी नाहीत, आळी नाहीत, ठिबक तर नाहीच. कुठे उतारावर चार खांब, कुठे घरामागे दहा. एकेकाखाली मुनव्यांची, बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांची गर्दी, कोणी काढलेलेच नाहीत. 'सोडून दिलेली पिलबाग हाये,' नाना म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला राग ऐकू आला. दुसऱ्याच्या शेतातलं गवत बघून येतो तसा. पुढे एका वळणावर नुकताच निसवलेला घड अगदी पाण्यावर झुकलेला होता, तेव्हा मात्र ते अर्धे उठले. कॅप्टनने वळून विचारलं, काही हवंय का? 'त्याले इचार,' नाना मला म्हणाले, 'ह्याच्यावर घड किती मावत होते?'

ही माहिती त्यांना मीच दिली होती, निघण्याच्या आदल्या रात्री, जरा उत्साह यावा म्हणून. हे तराफे मुळात माणसांसाठी नव्हतेच. या खोऱ्यातली केळी खाली बंदरावर पोचवायला रस्ता नव्हता, नदी होती. तराफ्यावर घड रचायचे, पोर्ट अँटोनिओला बोट लागली की खाली आणायचे. पुढे चाळीसच्या दशकात एरॉल फ्लिन हा हॉलिवूडचा नट आपली बोट घेऊन इथे आला, प्रेमात पडला, बंदरासमोरचं नेव्ही आयलंड विकत घेतलं, आणि केळीच्या तराफ्यावर मित्रमैत्रिणींना बसवून शर्यती लावायला लागला. तिथून हा पर्यटनाचा धंदा सुरू झाला असं सगळे सांगतात. गोष्ट छान आहे म्हणून मला तिच्याबद्दल थोडा संशय आहे. जिथे रोज तराफे खाली जात होते तिथे फ्लिनच्या आधी कोणी हौसेने बसलंच नसेल? पण सिनेमातल्या माणसाच्या नावावर गोष्ट चालते. घड वाहणाऱ्याच्या नावावर कशी चालेल.

कॅप्टनला आकडा माहीत नव्हता. त्याचा आजा केळी न्यायचा, बाप माणसं न्यायला लागला आणि हाही माणसंच नेतो. आज्याबद्दल ऐकलेलं एवढंच, की बोट आल्याची खबर आली की रात्र असो, पाऊस असो, निघावं लागे. उशीर झाला तर बोट थांबत नसे, आणि घड खरचटला तर बंदरावरचा माणूस नाकारत असे. नाकारलेल्या घडाचं काय करायचे, नानांनी विचारलं. 'खायचे,' कॅप्टन म्हणाला. नाना मोठ्याने हसले. बोटीच्या जागी रेल्वेची वॅगन घातली तर ही त्यांचीच गोष्ट होती. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवर दिल्लीची वॅगन भरायची वेळ आणि ट्रकवर पानं अंथरून रचलेले घड मी लहानपणी बघितलेत. वॅगन लागली नाही म्हणून उन्हात काळी पडत जाणारी केळी आणि तिच्याभोवती न बोलता उभी असलेली माणसंही. पुढचा अर्धा तास मी फक्त दुभाषाचं काम केलं. घडाला फण्या किती, कापताना किती पक्व, डोक्यावर नेता की खांद्यावर. माझ्या इंग्रजीत केळीचे शब्दच नव्हते, त्यामुळे बरंचसं संभाषण दोघांनी हातांनी केलं.

नानांनी मग तो प्रश्न विचारला ज्याची मी वाट बघत होते. बंद का झालं?

एक कारण नाही. सुरुवात 'मर' रोगाने झाली. ज्या जातीवर हा सगळा डोलारा उभा होता ती ग्रो मिशेल, जाड सालीची. खोक्यांची गरजच नाही, घडच्या घड तसाच जहाजात टाकायचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात पनामा रोगाची, म्हणजे याच 'मर'ची, बुरशी मातीतून पसरत गेली आणि जमैकाच काय, सगळ्या कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेतल्या बागा बसल्या. मग कॅव्हेंडिश आली, तिला तो रोग लागत नव्हता. आमची बसराई, श्रीमंती, आताची ग्रँड नैन, सगळी त्याच कुळातली. पण जमैकाला त्याशिवाय वादळं आहेत. १९४४, १९५१, १९८८, आणि मग २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन. तोवर युरोपातल्या बाजारात मिळणारी सवलतही आटत आली होती. २००८ च्या वादळानंतर केळीची मोठी निर्यात थांबली. आता पिकवतात ती बहुतेक घरापुरती आणि देशातल्या बाजारापुरती. मी हे सांगत असताना नाना काठाकडेच बघत होते. कॅव्हेंडिशलाही धरणारी नवी 'मर' बिहार-उत्तर प्रदेशात सापडलीय, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. रावेरमध्ये बाहेरचं रोप कोणी आणलं की त्यावर हल्ली पारावर चर्चा होते. ते फक्त म्हणाले, 'अन् आता घडाच्या जागी आपण बसेल हावो.'

त्यात तक्रार नव्हती. हिशोब होता.

मधेच नदी दोन कातळांमध्ये चिंचोळी होते, त्या जागेचं नाव लव्हर्स लेन. तिथून जाताना जोडप्याने काही तरी मागायचं आणि एकमेकांचा मुका घ्यायचा अशी रीत. आमच्या पुढच्या तराफ्यावर माझा नवरा आणि त्याची सासू, म्हणजे माझी आई. त्यांच्या कॅप्टनने जाहीर केलं, 'नाऊ यू किस!' नवरा जो खाली मान घालून चप्पल शोधायला लागला तो कातळ संपेपर्यंत वर आला नाही. आईला अर्थ कळला नव्हता, ती शांतपणे दशमीला शेंगदाण्याची चटणी लावून त्या कॅप्टनला देत होती. त्याने खाल्ली. आमची लाल, लसणीची, बाहेरच्या माणसाच्या डोळ्यात पाणी आणणारी चटणी. स्कॉच बॉनेट मिरचीवर वाढलेला तो माणूस पुसटसाही हलला नाही. 'नाईस,' म्हणाला. आई त्या दिवसापासून जमैकाची भक्त आहे.

कातळांनंतर पात्र रुंद होतं आणि पाणी जवळपास थांबल्यासारखं वाटतं. नाना उठले ते तिथे. 'मले दे ती काठी.' मी नको म्हणाले. वय, पाय, ओले बांबू, सगळं सांगून बघितलं. कॅप्टनला भाषांतराची गरज पडली नाही. त्याने नानांना आपादमस्तक पाहिलं, काठी कुठे टाकायची, अंग कसं रेलायचं हे एकदा दाखवलं, आणि बाजूला झाला. तापीच्या डोहात वाढलेला माणूस, पाण्याला भीत नाही हे मला माहीत होतं. पण पँट गुडघ्यापर्यंत वळून, अनवाणी, सत्तरी ओलांडलेले माझे वडील तीस फुटांचा तराफा पुढे नेतायत हे बघायची माझी तयारी नव्हती. पहिल्या दोन ढकलांना तराफा तिरका झाला, एकदा काठाच्या फांद्यांत घुसला, पानं माझ्या केसांत आली. मग त्यांना लय सापडली. काठी टाकायची, रेलायचं, चालत मागे यायचं, उचलायची. ती उचलताना पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि तळहातावरचा गाडीचा नंबर तेव्हाच पुसला गेला असावा.

आणि तेव्हा कॅप्टन माझ्या शेजारी येऊन बसला. कडेवर.

मला वाटलं त्याला नानांची काळजी आहे, किंवा तराफ्याची. असेलही. पण थोड्या वेळाने समोरून दोन माणसं येताना दिसली. कमरेपर्यंत पाण्यात, एक पुढे, एक मागे, रिकामे तराफे प्रवाहाविरुद्ध ओढत. बोलत नव्हती. आमच्याजवळून जाताना त्यांनी कॅप्टनला बघितलं, पाहुण्यांच्या गादीवर, पर्यटक बाईच्या शेजारी बसलेला. त्यातला एक काही तरी बोलला, त्यांच्या पात्वा बोलीत, मला समजलं नाही. दोघं हसले, आणि हा झटकन उठून उभा राहिला. काठी मागितली नाही, नुसता उभा राहिला. मी विचारलं तेव्हा सांगितलं, तराफा वर न्यायचा तो असा. येताना नदी आणते, जाताना आपण न्यायचं. मग पुन्हा नंबर येईपर्यंत थांबायचं. आणि तराफा काही महिने टिकतो, बांबू पाणी प्यायला की जड होतो, मग नवा बांधायचा. हे सगळं त्याने कुरकुर न करता सांगितलं. वर, खोऱ्यात मूर टाउन आहे, पळून गेलेल्या गुलामांनी वसवलेलं, ज्यांच्याशी इंग्रजांना शेवटी तह करावा लागला, हे सांगताना जो अभिमान होता तोच थोडा या सांगण्यातही होता. त्या लोकांची पुढारी नॅनी. आज जमैकाच्या पाचशेच्या नोटेवर ती आहे.

तीन तासांचा 'निवांतपणा' आम्ही विकत घेतला होता. निवांतपणा म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी उभं राहणं, हे काही मला तिथेच पहिल्यांदा कळलं असं नाही. रावेरच्या घरी ओट्यावर बसून मी परीक्षेचा अभ्यास करायचे तेव्हा कटाईवाले समोरून घड घेऊन जायचे, त्यांच्या खांद्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग कायमचे पडलेले असायचे. नाना मालक होते, तरी कटाईच्या दिवशी ते कधी खाली बसलेले मला आठवत नाहीत. दिवसभर उभे. ते मला लहानपणी मालकाचं लक्ष ठेवणं वाटायचं. नदीवर, त्या माणसाला गादीच्या कडेवर बघताना, त्याचं दुसरंही कारण असू शकेल असं मनात आलं. नानांना विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, बसलो तर घड मोजणार कोण.

उतरलो तिथे आमची गाडी सावलीत उभी होती, काचा पुसलेली. नानांनी तळहात बघितला, मग गाडीभोवती एक फेरी मारली. टिप किती द्यायची यावर आमच्यात हळू आवाजात थोडी बोलणी झाली. नवरा म्हणाला भरपूर द्या, मी म्हटलं उपकार केल्यासारखं नको. नाना पुढे गेले, नॅनीच्या काही नोटा घडी करून कॅप्टनच्या हातात ठेवल्या, आणि दुसरा हात त्याच्या खांद्यावर ठेवून मराठीत काही तरी बोलले. काय ते मला ऐकू आलं नाही. कॅप्टनने मान हलवली. समजल्यासारखी.

परत आल्यावर मी नानांना नदीकाठच्या धक्क्यावर नेलं, हडसनच्या. १८७० मध्ये लोरेन्झो डाऊ बेकर नावाच्या कप्तानाने जमैकाहून केळीचे १६० घड शिडाच्या जहाजात घालून आणले आणि विकले ते इथे, जर्सी सिटीत. त्यातून पुढे बोस्टन फ्रूट कंपनी, १८९९ ला युनायटेड फ्रूट, पोर्ट अँटोनिओचा सगळा भरभराटीचा काळ, आणि बेकरनेच बांधलेलं तिथलं टिचफील्ड हॉटेल. केळी घेऊन येणारी बोट जाताना रिकामी कशाला न्यायची, म्हणून त्यांनी थंडीला कंटाळलेले अमेरिकन नेले. म्हणजे फ्लिनच्या कितीतरी आधी पर्यटकांना केळीनेच तिथे पोचवलं होतं. आता त्या धक्क्यावर काचेच्या इमारती आहेत आणि कुत्र्यांना फिरवणारी माणसं. नानांनी मोठ्या कुतूहलाने सगळीकडे बघितलं. 'घडाला भाव काय भेटला त्याले?' मी म्हटलं, दोन डॉलरला विकला म्हणतात. त्यांनी मनात काही तरी गुणाकार केला आणि मान डोलावली.

त्याच संध्याकाळी चुलतभावाचा फोन. बोर्ड पडलेलं, मजूर मिळत नाहीत, मृगात केळी लावू की नको विचारत होता. नाना 'लाव' म्हणाले, मग थांबले, आणि म्हणाले, बांधावर थोडा बांबूही लाव. तिकडून हसण्याचा आवाज मलाही ऐकू आला. 'नाना, बांबू कशाले? तराफा करता का काय?' फोटो त्याच्यापर्यंत पोचले होते. नानांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

'हतनूरच्या धरणाले पानी किती हाये सध्या?'

'पानी कमी, गाळच जास्त.'

'मंग राहू दे,' नाना म्हणाले, आणि पुन्हा बऱ्हाणपूरच्या भावावर आले.